तात्यांची बाभळ

पुणतांब्याच्या घाटावर कावळ्याने पिंडाला शिवायला जराही वेळ लावला नाही. कानिफनाथने पिंड मांडला, हात जोडले, आणि तो मागे सरतो न सरतो तोच पलीकडच्या लिंबावरून कावळा सरळ खाली उतरला आणि चोच मारून मोकळा झाला. जमलेल्या माणसांत हलकं हसू पसरलं. कुणीतरी म्हणालं, भीमातात्यांनी जिवंतपणी कुणाला ताटकळत ठेवलं नाही, आता कशाला ठेवतील?

कानिफनाथ हसला नाही. कावळा येणारच नाही, अशी त्याने मनाची पक्की तयारी केली होती. कावळा अडून बसेल, गाव एकमेकांकडे बघेल, म्हाताऱ्याचं काय राहिलंय असं कुणीतरी विचारील, आणि आपल्याला तोंड लपवायला जागा उरणार नाही, हे सगळं त्याने आधीच डोळ्यांपुढे आणून ठेवलं होतं. तसं काहीच झालं नाही. बापाने मेल्यावरही पोराला सांभाळून घेतलं होतं, आणि त्यामुळे तो आणखीच कानकोंडा झाला. नुकत्याच भादरलेल्या डोक्यावर उपरणं ओढून तो थोरल्या बहिणीच्या, मनकर्णाच्या, शेजारी जाऊन बसला.

राहिलेलं काय होतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, पुष्पावतीलाही ठाऊक होतं. तात्यांची बाभळ राहिली होती.

नदीला पाणी असं नव्हतंच. गोदावरीच्या वाळूत जागोजाग झिरे खणलेले होते, त्यातल्या एकातून वाटीवाटीने उपसून घागर भरली तेव्हा कुठे विधी उरकला. दुष्काळाचं साल होतं. गावातली निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती आणि एका दिवसाची हजेरी बुडली की कामावर खायला मिळणारी त्या दिवसाची सुकडीही हातची जात होती. तरी माणसं आली होती. वरच्या आळीची आली होती, खालच्या आळीची आली होती, आणि भर उन्हात वाळूवर बसून होती. एवढी माणसं आपल्या बापासाठी पोटाला चिमटा घेऊन आली, याचं त्याला दुसऱ्या कुठल्याही दिवशी केवढं भूषण वाटलं असतं.

गावच्या शाळेचे जुने हेडमास्तर विष्णुपंत बोलायला उभे राहिले. पंतांना थोडक्यात बोलता येत नसे, आणि तात्यांचं ऐंशीच्या पुढचं आयुष्य थोडक्यात बसणारंही नव्हतं. याच पुणतांब्याच्या यात्रेत तरणाबांड भीमा कुस्ती हरला होता आणि तरी पेढे वाटत घरी आला होता. लोकांनी विचारलं तर म्हणाला, पाठ टेकली तेव्हा सहज वर बघितलं, इतकं निळं आभाळ पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं. पुढे मानमोडीची साथ आली. घरोघर माणसं मरत होती, सख्खी माणसं प्रेताला हात लावत नव्हती, तेव्हा या भीमाने एकट्याने सरणं रचायला सुरुवात केली. साथ गेली, पण ते काम त्याच्याकडेच राहिलं. गावात कुणी गेलं की तात्या गाडी जुंपून दारोदार लाकूड मागत फिरत. कुणी ओंडका देई, कुणी गोवऱ्या देई. सरण रचताना ते वारा कुठला आहे ते आधी बघत, म्हणजे धूर रडणाऱ्यांच्या डोळ्यांत जाऊ नये. आणि मेलेल्याशी गप्पा मारत. आयुष्यभर कुशीवर झोपलात, आज तरी सरळ झोपा, असं ते एका वाण्याला म्हणाले होते, आणि त्याची बायको रडता रडता हसली होती.

खालच्या आळीतला एक म्हातारा बसल्या जागेवरूनच बोलला. त्याच्या बापाचं सरण तात्यांनी रचलं तेव्हा तात्यांच्याच घरच्यांनी विटाळ म्हणून त्यांना आत घेतलं नाही, अंगणातच डोक्यावर पाणी ओतलं. तात्या म्हणाले, अजून एक घागर ओता, उकाडा लई हाय. पुढच्या वेळीही गेले, त्याच्या पुढच्या वेळीही गेले. शेवटी घरचेच पाणी ओतून कंटाळले.

माणसं हसत होती, डोळे पुसत होती. कानिफनाथ वाळूत बोटाने रेघा मारत होता. यानंतर बाभळीची गोष्ट निघणार, हे त्याला दिसत होतं. तात्यांची आठवण काढायची आणि बाभळीवर यायचं नाही, असं गावात कुणाला जमलं नसतं.

मळ्याच्या बांधावर ती आपली आपणच उगवली होती, कानिफनाथची आई गेली त्या पावसाळ्यात. तात्यांनी शेळ्यांपासून तिला जपलं. ती पुरेशी जाड झाल्यावर त्यांनी तिच्यात नांगराचा एक जुना खिळा ठोकला आणि रोज त्याला भाकरीचं फडकं अडकवू लागले. बांधावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत, ही माझी, हिच्यावरच मी जाणार, रोज न्याहारी दाखवतो म्हणजे ओळख राहील. ऐकणाऱ्याला हसू येई. एकदाच, कानिफनाथ एकटा असताना, त्यांनी त्यातली खरी गोष्ट सांगितली होती. "साऱ्या गावासाठी मी दारोदार लाकूड मागितलं. माज्यासाठी तुला कुनाच्या दारात जायला लागू नये."

ती बाभळ कानिफनाथने तोडली. दिवाळीनंतर तात्यांना नगरच्या दवाखान्यात ठेवलं, आणि इकडे सडकेच्या कडेला त्याचं नवं स्लॅबचं घर दाराच्या चौकटीवाचून अडलं. थोरल्या लेकीचं स्थळ कोल्हारच्या चांगल्या घराण्यातलं होतं, पाहुणे घर बघायला येणार होते. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाच्या दाराला फळ्या ठोकलेल्या दिसायला नकोत, असं पुष्पावतीचं म्हणणं होतं. आणि एका दुपारी बांधावर उभं राहून कानिफनाथच्या मनात आलं की एवढं भरदार लाकूड नुसतं जाळून टाकायचं? तात्यांना अजून अवकाश आहे, तोवर दुसरं बघता येईल. बाभळ गिरणीवर गेली आणि चौकट होऊन परत आली. ओलं लाकूड बघून सुताराने नाक मुरडलं, तरी बसवली. वर हिरवा रंग चढला.

बांध उघडा पडलेला गावाने बघितलाच. तात्यांचे जन्माचे सोबती सहादेव आप्पा त्याला वाटेत भेटले आणि हळूच म्हणाले, वाळत घातलं व्हय रं लाकूड? म्हातारा काय फिरत न्हाई आता. कानिफनाथ म्हणाला, व्हय. तेवढ्या एका शब्दावर गाव विश्वास ठेवून बसलं. पोराने काळजावर दगड ठेवून बापाची तयारी केली, म्हणून त्याची वाखाणणीही झाली.

शेवटच्या दिवसांत तात्यांनी दवाखान्यात विचारलं होतं, बाभळीला शेंगा धरल्या का. धरल्या, असं तो म्हणाला होता. मग शेळ्यांना आवतन दे, असं म्हणून तात्या हसले होते. माघातल्या एका सकाळी ते गेले तेव्हा कारखान्याची जीप दवाखान्याच्या दारात उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, दुपारच्या आत गावी पोचवतो. कानिफनाथने जीप परत पाठवली. गावी न्यायचं तर गाव सरणासाठी बाभळीचं लाकूड मागणार होतं. अख्ख्या गावाची सरणं रचणारा माणूस नगरच्या स्मशानात परक्या हातांनी रचलेल्या लाकडांवर जळाला, आणि तिथे त्याच्याशी बोलायलाही कुणी नव्हतं. डॉक्टरांनी देह हलवू नका म्हणून सांगितलं, असं त्याने गावात सांगितलं. गावाने तेही ऐकून घेतलं.

आता सहादेव आप्पा काठीवर भार देऊन उभे राहिले. वाळूवरची कुजबुज थांबली.

"तात्याला नगरात जळावं लागलं, त्यात कुनाचा दोष न्हाई," आप्पा म्हणाले. "पन त्याचं लाकूड हाय. कानिफनं दिवाळीनंतर वाळत घातलंय, मला सवता सांगितलंय. औंदा कुनाच्या परड्यात काडी ऱ्हायली न्हाई. माजं म्हननं असं, की ते लाकूड गावाच्या मसनवट्यात रचून ठिवावं. ज्याच्या घरी न्हाई त्यानं त्यातलं घ्यावं. म्हाताऱ्या बनुबाईचं तर आज का उद्या झालंय. तात्यानं तिला सबूद दिला हुता, तुला मीच पोचविनार म्हून. त्याचा सबूद ऱ्हाईल."

माना डोलल्या. विष्णुपंत म्हणाले, यापेक्षा योग्य स्मारक दुसरं नाही. मग सगळ्यांनी कानिफनाथकडे बघितलं. लाकूड कुठे ठेवलंय, असं आप्पांनी विचारलं. सिरामपूरला वखारीत, सावलीला, असं तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. शेजारी बसलेल्या मनकर्णाने मान वर केली नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

गावी परतल्यावर पाहुणेरावळे जेवून पांगले. मनकर्णा मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली. तात्या गेले त्या दिवशी ती कोल्हारहून आली तेव्हापासून मागच्याच दाराने ये-जा करत होती. पुढच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखतात, असं तिने सांगितलं होतं. आज कानिफनाथला त्याचा अर्थ लागला.

पुष्पावतीने विषय काढला. तिला घाटावरच घाम फुटला होता, पण ती त्यातून वाट काढूनच घरी आली होती. उद्या सकाळी श्रीरामपूरला जायचं, वखारीतून चांगले बाभळीचे ओंडके घ्यायचे आणि मसनवट्यात नेऊन टाकायचे. लाकडावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. मग ती नणंदेकडे वळून म्हणाली, "वन्सं, तुमी बी तिकडच्याच. सोयरिकीचं तुमच्याच हाती हाय. मसनातल्या लाकडाची चौकट म्हून एकदा बोंब झाली, तर पोरीला कोन करून घेईल?"

मनकर्णा चुलीपाशी टेकली. तिचा राग पुष्पावतीला पाठ होता. नवं घर बांधायला काढल्यापासून दोघींचं कधी धड जमलं नव्हतं. पण आज मनकर्णाच्या तोंडावर राग नव्हता, आणि त्यानेच पुष्पावती जास्त घाबरली.

"मी कुठंच बोलनार न्हाई," मनकर्णा म्हणाली. "पोरगी माजी बी हाय. आल्या दिवशी रडताना चौकटीला धरून उभी ऱ्हायले, तर बोट भोकात गेलं. आत लोखंडाचा काळा डाग हाय. तात्या भाकरी अडकवायचे तो खिळा. सुतारानं लांबीचा लगदा भरला आसंल, तो वाळून गळाला. तवापासून माजं पाऊल तितनं पडत न्हाई, एवढंच."

कानिफनाथला वाटलं, हिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, आक्का, मी सकाळी जाऊन लाकूड आणतो. मनकर्णा म्हणाली, आण. आणि भांडी घासायला उठली. लहानपणी त्याने काही मोडलं-तोडलं की मांजरावर ढकलून तात्यांपासून तीच लपवत असे, आणि तात्यांना ते कळलेलं असे. फुटलेल्या मडक्याचे तुकडे हातात घेऊन ते विचारत, हे मांजर कुठल्या शाळेत जातं? मग सगळेच हसत. त्या हसण्यात आपण किती वेळा सुटलो, याचा हिशेब त्याला लागेना.

सकाळी तो श्रीरामपूरला जायला सायकल काढत होता, तेवढ्यात सहादेव आप्पा पुढच्या पायऱ्या चढून आले. बनुबाई पहाटे गेली होती. तिला पोटचं कुणी नव्हतं, पुतण्या खडीच्या कामावर लांब गेला होता. आप्पांनी रिकामी बैलगाडी सडकेवर आणून उभी केली होती. बैल छावणीत होते, म्हणून जू त्यांनी स्वतःच धरून ओढत आणलं होतं. सत्तरीच्या पुढचा माणूस धापा टाकत होता.

"वखारीची चिठ्ठी दे," आप्पा म्हणाले. "टेम्पोवाल्याला सांगतो, उन्हाच्या आत आनून टाकील."

कानिफनाथ म्हणाला, मीच निघालोय, तुम्ही बसा, चहा घ्या. आप्पा बसले नाहीत. दम खायला त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला आणि त्याच हातावर कपाळ टेकून जरा उभे राहिले. मग त्यांची बोटं हलली. एक बोट भोकावर थांबलं, आत गेलं, बाहेर आलं. त्यांनी बोट डोळ्यांजवळ नेलं. मग खालपासून वरपर्यंत चौकटीकडे बघितलं. आत पुष्पावती चहाचं पातेलं हातात धरून जागच्या जागी उभी होती.

"खिळा माज्याच नांगराचा हुता," आप्पा म्हणाले. "दोगांनी मिळून ठोकला हुता."

एवढंच. कानिफनाथ वाट बघत राहिला. आता म्हातारा ओरडेल, सडकेवर जाऊन गाव गोळा करील, आणि एकदाचं होऊन जाईल. आप्पांनी उपरण्याने तोंड पुसलं. बनुबाईला उन्हात ठेवता यायचं नाही, मी दारोदार बघतो, असं म्हणून ते पायऱ्या उतरले, जू उचललं आणि गाडी ओढू लागले. चाक खडीत अडलं. त्यांनी पुन्हा जोर लावला.

अजूनही वेळ गेलेली नव्हती. आप्पा कुणाला सांगणार नाहीत, हे कानिफनाथला कळून चुकलं होतं. मनकर्णा सांगणार नव्हती. कावळ्यानेही सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून त्याला झाकून घेतलं होतं, तात्या झाकून घेत तसंच, आणि या पांघरुणाखाली त्याला उभा जन्म काढायचा होता. त्याला तात्यांचं बोलणं आठवलं. तुला कुणाच्या दारात जायला लागू नये. म्हाताऱ्याने बाभळ वाढवली होती ती स्वतःसाठी नव्हे, या पोरासाठी. त्याला इतकी लाज वाटली की घरात पाऊल ठेवणं त्याच्याच्याने होईना.

त्याने सायकल भिंतीला टेकवली. आतून पुष्पावतीने हाक मारली, अहो, लेकीचं काय, एवढंच ती म्हणाली. त्याने मागे वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात मनकर्णा उभी होती आणि तिने भावजयीच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या दोघी अशा जवळ उभ्या असलेल्या त्याने कधी पाहिल्या नव्हत्या. तो सडकेवर गेला आणि आप्पांच्या शेजारी जुवाची दुसरी बाजू त्याने खांद्यावर घेतली. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही. गाडी मात्र हलली.

पहिलं घर छबूबाईचं होतं. ती अंगणात रेशनवरची मिलो ज्वारी निवडत बसली होती. गाडी बघून ती उठली, बनुबाई गेली व्हय, म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. आप्पांनी लाकूड मागितलं. छबूबाईला नवल वाटलं. तिने एकदा आप्पांकडे आणि एकदा कानिफनाथच्या भादरलेल्या डोक्याकडे बघितलं.

"आन् तात्याचं लाकूड हुतं न्हवं?"

आप्पा चाकाजवळ वाकले आणि त्यात अडकलेला दगड काढू लागले. दगड केव्हाच निघाला होता, तरी ते वाकूनच राहिले. उत्तर दुसऱ्या कुणी द्यायचं नव्हतं.

"ते म्या माज्या दाराला लावलं," कानिफनाथ म्हणाला. "चौकट केली. तात्या दवाखान्यात हुते तवाच."

छबूबाई बघत राहिली. तिच्या नवऱ्याचं सरण तात्यांनी रचलं होतं, सासूचंही. मग ती घरामागे गेली. परत आली तेव्हा तिच्या कडेवर एक मोडका पाट होता आणि हातात गोवऱ्या होत्या. ते सगळं तिने गाडीत नीट रचून ठेवलं आणि पुन्हा मिलो निवडायला बसली.

कानिफनाथने जू उचललं. पुढच्या दारात एक माणूस आधीच गाडीची चाहूल लागून बाहेर येऊन उभा होता, आणि गावात अजून पुष्कळ दारं होती.